मोटारीचा रंग आणि त्याची घरगुती निगा

मोटारीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, तळापासून वरपर्यंत, साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनचा. दोन केसांच्या जाडीत गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि वरचा पारदर्शक थर असे सगळे मावलेले असते. घरी पॉलिश करायला बसणाऱ्याने हा आकडा आधी मनात पक्का करावा. काय घासायचे, किती घासायचे आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे सगळे त्यावरून ठरते.

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात. सुमारे २० मायक्रॉनचा हा थर सांधे, पोकळ्या, दारांच्या आतल्या कडा अशा फवाऱ्याला न सापडणाऱ्या जागीही पोचतो आणि गंज रोखण्याचे मुख्य काम तोच करतो. त्यावर ३० ते ३५ मायक्रॉन प्रायमर. त्यावर बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. तो जेमतेम १५ मायक्रॉनचा आणि स्वतः निस्तेज असतो. चकाकी येते ती सर्वांत वरच्या पारदर्शक थरामुळे. गॅरेजमध्ये त्याला क्लिअर म्हणतात, जुने पेंटर लॅकर म्हणतात. ३५ ते ५० मायक्रॉनचा हा थर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन रेझिनचा असतो आणि सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजून तो पक्का केलेला असतो. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. थर पातळ झाला की खालच्या रंगाचे छत्रही तेवढेच पातळ होते.

जुन्या गाड्यांत, विशेषतः साध्या पांढऱ्या आणि लाल रंगांत, क्लिअर नसे. रंग आणि चकाकी एकाच थरात असत. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे घरी पाहता येते. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यात हलके घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी; फडके नुसते मळले तर वर क्लिअर आहे.

आता नुकसानीकडे वळू. चकाकी म्हणजे प्रकाशाचे नियमित परावर्तन. पृष्ठभाग सपाट असला तर समोरच्या झाडाचे प्रतिबिंब दारावर स्पष्ट उमटते. त्यावर बारीक चरे पडले की प्रत्येक चऱ्याच्या कडेवरून प्रकाश भलतीकडे फाकतो आणि प्रतिबिंबावर धुरकट पडदा येतो. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली काळ्या किंवा गडद निळ्या गाडीकडे पाहिले तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. पुसणाऱ्याने फडके गोल फिरवले म्हणून ती पडली, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. चरे सगळ्या दिशांनी असतात. प्रकाशाच्या वाटेला आडवे असलेले तेवढेच चमकतात आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्याचे दिसते. आपण बाजूला सरकलो की वर्तुळही सरकते. फडके सरळ रेषेत फिरवण्याचा सल्ला तरीही योग्यच आहे, कारण चरे एकाच दिशेचे असले तर बऱ्याच कोनांतून ते दिसत नाहीत. पण गोल हाताने नव्हे, फडक्यातल्या कणांमुळे चरे पडतात, हे मुळात समजून घेतले पाहिजे.

हे कण येतात कुठून? आपल्या शहरांतल्या धुळीत बांधकामाची वाळू, क्रशरची खडी आणि रस्त्याची माती असते. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ७ आहे, आपल्या काळ्या पाषाणातल्या फेल्डस्पारचा ६ च्या आसपास. चाकूचे पोलाद साधारण साडेपाचावर असते. क्लिअर तर शेवटी प्लास्टिकच. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सोसायटीत सकाळी सहाला खाली उतरून पाहावे. गाडी पुसणारा माणूस एक बादली आणि एक फडके घेऊन रांगेतल्या पहिल्या गाडीपाशी सुरुवात करतो. फडके बुडवले, पिळले, टपावरून ओढले, बॉनेटवरून ओढले, पुन्हा बुडवले. दहाव्या गाडीपर्यंत पाणी गढूळ झालेले असते आणि तेच पाणी, तेच फडके पुढच्या दहा गाड्यांना पुरते. ते पिळलेले फडके अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहा. कण बोटांना लागतात. वर्षाला तीनशेहून अधिक वेळा हेच क्लिअरवरून फिरते. गाडीचा रंग उन्हाने गेला असे लोक म्हणतात तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो पुसण्याने गेलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरड्या धुळीवर फिरवलेली झटकणीही याच जातीची. त्यात दोष पुसणाऱ्याचा नाही. एका गाडीमागे त्याला जे पैसे आणि जेवढी मिनिटे मिळतात, त्यांत दुसरे काही शक्यच नाही.

चऱ्यांखेरीज रासायनिक नुकसान वेगळे. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते, त्यात कण आणि बियांचे तुकडे असतात. उन्हात पत्रा तापला की क्लिअर मऊ होऊन किंचित फुगतो, विष्ठा वाळून घट्ट होते आणि संध्याकाळी थंड होताना क्लिअर तिच्याभोवती आकसतो. राहतो तो खळगा. उन्हाळ्यात एका दुपारीही एवढे होऊ शकते, म्हणून दिसल्याबरोबर ओले फडके पाचेक मिनिटे त्यावर ठेवावे आणि मऊ झाल्यावर न घासता उचलून घ्यावे. आंब्याखाली लावलेल्या गाडीवर मोहराच्या दिवसांत चिकट ठिपके पडतात. तो झाडाचा डिंक नसतो. मोहरावरचे तुडतुडे रस शोषून जे गोड पाणी टाकतात ते असते. त्यावर पुढे काळी बुरशी धरते. कोमट पाणी आणि शाम्पूने ते ताजेपणी सहज निघते, आठवड्याने निघत नाही.

तळघरातल्या किंवा स्टिल्टमधल्या पार्किंगचा शत्रू वेगळाच. स्लॅबमधून झिरपणारे पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून आणते. ते तीव्र अल्कधर्मी असते आणि टपावर थेंब थेंब पडून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढरे, दगडासारखे घट्ट होते. लोक ते नखाने खरवडतात आणि डागाबरोबर क्लिअरही काढतात. बाजारातले पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कापसाने त्या डागावर दोनतीन मिनिटे ठेवावे, धुवावे, लागल्यास पुन्हा करावे. बुडबुडे येताना दिसले की चुना विरघळतो आहे असे समजावे. जास्त वेळ ठेवू नये, उन्हात तर मुळीच करू नये. खाली खळगा उरला असेल तर तो व्हिनेगरने जाणार नाही. बोअरच्या पाण्याचे डागही कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचेच. ताजे असताना त्यांना हाच उपाय चालतो. पण धुतल्यावर गाडी लगेच टिपून घेतली तर ते पडतच नाहीत. जिथे बोअर आणि टँकरवर भागवावे लागते, तिथे शेवटची एक बादली तरी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची ठेवावी.

धुण्याची रीत. सावली हवी आणि पत्रा तळहाताला गार लागायला हवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, हात लावू नये. पाइप नसेल तर मगाने वरून पाणी सोडावे. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एका पत्र्यावरून सरळ रेषेत फिरवावा, साध्या पाण्यात खळबळून कण सोडवावेत आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. क्रम वरून खाली; दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, चाकांना वेगळे फडके. कपड्यांची पावडर वापरू नये, तिच्यातला धुण्याचा सोडा आधी लावलेले वॅक्स काढून टाकतो. टिपायला मोठा, जाड मायक्रोफायबर घ्यावा आणि तो ओढण्याऐवजी पसरून दाबावा. हे मायक्रोफायबर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे असतात. ते वेगळे धुवावेत, फॅब्रिक कंडिशनर घालू नये, इस्त्री करू नये. जमिनीवर पडलेला तुकडा त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये.

धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ब्रेकच्या चकतीतून आणि रेल्वेच्या रुळांवरून उडणारे लोखंडाचे कण, रंगाचा तुषार, डांबर असे बरेच काही क्लिअरमध्ये रुतलेले असते. लोखंडासाठी मिळणाऱ्या फवाऱ्यात थायोग्लायकोलेट असते; लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळे होऊन ओघळते. वास उग्र असतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. उरलेले कण क्ले बारने निघतात. शाम्पूच्या पाण्याने पत्रा निसरडा ठेवून मातीचा चपटा गोळा वजन न देता फिरवायचा, मळला की दुमडून नवी बाजू काढायची. गोळा खाली पडला तर टाकून द्यायचा. धुऊन वापरायला जाऊ नये. वर्षातून एकदा हे पुरे.

आता पॉलिश. बाजारात पॉलिश आणि वॅक्स हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि त्यातूनच घरोघरी रंगाचे नुकसान होते. वॅक्स वर चढते, पॉलिश खाली उतरते. पॉलिशमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. ते चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर घासून चऱ्याच्या तळाच्या पातळीला आणतात. चरा भरला जात नाही. आजूबाजूची जमीन खाली येते. हलक्या पॉलिशने एकदोन मायक्रॉन जातात, गॅरेजच्या रबिंगने त्याहून जास्त. क्लिअर हे मुद्दल आहे आणि गाडीच्या आयुष्यभरात त्यात भर पडत नाही. त्यातून आठदहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये असा या व्यवसायातला संकेत आहे. दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्यांनी आपल्या खात्याचा हिशेब स्वतः करून पाहावा.

म्हणून आधी निदान. मोबाइलचा दिवा पत्र्यावर तिरपा धरा आणि चरे पाहा. चऱ्यावरून आडवे नख फिरवा: नख अडकले तर तो चरा पॉलिशने जाणार नाही, घालवू पाहिलात तर क्लिअर संपेल. चऱ्यावर पाणी शिंपडल्यावर तो दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे, पॉलिशने जाईल. पाण्यातही पांढरा दिसला तर तो रंगापर्यंत किंवा प्रायमरपर्यंत गेला आहे. तिथे टच-अपची बारीक कुंचली चालवावी. पत्रा उघडा पडून गंज धरू लागला असेल, आणि कोकणात खाऱ्या वाऱ्यात हे एका पावसाळ्यात होते, तर चकाकीचा विचार बाजूला ठेवून आधी गंजाचा बंदोबस्त करावा. पूर्वी अपघातात रंगवलेला पत्रा असेल तर त्याचा क्लिअर किती आहे याचा भरवसा नसतो. जाडी मोजणारे छोटे यंत्र पेंटरकडे असेल तर मोजून घ्यावे. मूळ रंग शेसव्वाशेच्या आसपास दाखवतो, पुन्हा रंगवलेला दोनशेच्या वर, लांबी भरलेला पाचशेच्याही पुढे.

हाताने पॉलिश होते का? होते, पण मर्यादित. दीड फूट चौरसाचा तुकडा घ्यावा, फोमच्या गादीवर वाटाण्याएवढे चार थेंब, मध्यम दाब, उभ्या आडव्या सरळ रेषा, दोनतीन मिनिटे. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य पॉलिशने आणि सगळ्यात कमी दिसणाऱ्या जागी. मग तो तुकडा पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा दिवा धरून पाहावा. हे पुसणे टाळू नये, कारण बऱ्याच पॉलिशमध्ये तेले आणि भराव असतात. ते चरे तात्पुरते बुजवतात आणि तिसऱ्या धुण्याला चरे परत दिसू लागतात. अल्कोहोल औषधाच्या दुकानातले साधे घ्यावे, हाताचे सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असते. नव्वद टक्के चरे गेले की थांबावे. उरलेल्या दहा टक्क्यांच्या मागे लागणाऱ्याचेच रंग जळतात.

यंत्र वापरायचे तर ड्युअल अ‍ॅक्शन. त्याची गादी फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. गॅरेजमध्ये लोकरी टोपी लावून चालणारे एका दिशेने फिरणारे यंत्र शिकाऊ हातात गेले तर दोन गोष्टी घडतात: उन्हात सरकणाऱ्या धूसर पट्ट्या, ज्यांना होलोग्राम म्हणतात, किंवा कडेचा रंग सरळ उडतो. बॉनेटच्या घडीवर, दाराच्या कडेवर, चाकाच्या कमानीवर रंग सपाट पत्र्यापेक्षा पातळ असतो आणि गादीचा दाब तिथेच एकवटतो. त्या कडांवर आधी मास्किंग टेप लावावी. बंपर प्लास्टिकचा, तो पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही. तिथे वेग कमी ठेवून वारंवार हात लावून पाहावे.

पॉलिशनंतर संरक्षण. कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडाच्या पानांवरून मिळते आणि ८२ ते ८६ अंशांना वितळते. विदर्भातल्या मे महिन्यात काळ्या बॉनेटचा पत्रा त्याच्या फार दूर नसतो, त्यामुळे डब्यावर काहीही लिहिलेले असो, आपल्याकडे वॅक्स काही आठवडेच टिकते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट काही महिने जाते आणि लावायला सोपे असते: पातळ थर, थोडे सुकू देणे, बोटाने पुसून खुणेशिवाय निघते का पाहणे, मग पुसून घेणे. जाड थराने जास्त संरक्षण मिळत नाही, नुसता पुसण्याचा त्रास वाढतो. नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर महिनाभर तरी काही चढवू नये, आतले द्रावक बाहेर पडायचे असतात.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकॉनच्या संयुगांचा क्लिअरला रासायनिक रीतीने चिकटणारा, मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थर. तो आम्लाला आणि उष्णतेला वॅक्सपेक्षा चांगले तोंड देतो, घाण सहज सोडतो. पण ‘९एच’ ची जी जाहिरात होते ती नीट समजून घ्यावी. ते पेन्सिलीच्या कठीणपणाचे माप आहे. ९एच पेन्सिलीने चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचे शिसे ग्रॅफाइट आणि चिकणमातीचे असते. वाळूचा कण त्याच्या कितीतरी पुढचा. म्हणून कोटिंग केलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली तर चरे पडतातच. शिवाय पाण्याचे टपोरे थेंब ज्यावर उभे राहतात त्या पृष्ठभागावर बोअरच्या पाण्याचे डाग जास्त ठळक उमटतात. स्वच्छ, झाकलेली जागा आणि नीट धुण्याची सवय असेल तरच घरी सिरॅमिकच्या वाटेला जावे; इतरांना तीनचार महिन्यांनी सीलंट पुरेसे आहे.

नव्या गाडीबरोबर विकल्या जाणाऱ्या टेफ्लॉन कोटिंगबद्दल मात्र मला नरमाईने लिहिता येत नाही. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, १९३८ साली रॉय प्लंकेट यांना सापडलेले, कशालाही न चिकटण्यासाठीच प्रसिद्ध असलेले द्रव्य. ते ३२७ अंशांना वितळते आणि तव्यावर बसवताना त्याहून जास्त तापमानाला भाजावे लागते. एवढ्या तापमानाला गाडीचा रंग जळून जाईल. तेव्हा शोरूमच्या मागच्या शेडमध्ये तासाभरात जे लावतात ते फार तर पीटीएफईचे कण मिसळलेले सीलंट असते आणि तेवढेच टिकते. नव्या गाडीच्या कोऱ्या क्लिअरवर त्यासाठी यंत्र फिरवले जाते, हे नुकसान वेगळेच.

घरगुती उपायांपैकी रॉकेलचा बोळा कित्येक चालक अजून फिरवतात. त्याने येणारी चमक तेलाची असते, तिच्यावर दुपारपर्यंत धूळ बसते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात. धुरकट हेडलाइटवर ती थोडीफार चालते, रंगावर नको. दसऱ्याला गाडीची पूजा होते, तिथे एकच काळजी घ्यावी: झेंडूच्या हाराची तार पत्र्याला टेकू देऊ नये, हार आरशाला किंवा ग्रिलला सुतळीने बांधावा. बॉनेटवरचे गंध-कुंकू त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. हळदीचा पिवळेपणा उन्हात फिका पडतो. कुंकवातला कृत्रिम रंग पांढऱ्या गाडीवर राहतो. आदल्या दिवशी सीलंट लावलेले असेल तर दोन्ही सहज सुटतात.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय सोसायटीच्या पार्किंगमध्येच आहे. गाडी पुसणाऱ्याला रोजचे कोरडे पुसणे बंद करायला सांगा, आठवड्यातून दोनदा पाण्याने धुवायला सांगा, त्याला दुसरी बादली आणि आपल्या गाडीपुरते चार मायक्रोफायबर आणून द्या, आणि महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच द्या.